लेकराचे हृदय झाडपाल्याच्या भरवशावर सोडू नका

ओढ्याकाठचा अर्जुन सादडा तुमच्या ओळखीचा. त्याची साल दुधात उकळून छातीच्या दुखण्यावर द्यायची, ही रीत जुनीच. पण डॉक्टरांनी लेकराचे ‘हृदय मोठे झाले आहे’ असे सांगितले आणि कुणी सालीचे चूर्ण पुढे केले, तर जरा थांबा.

या आजारात हृदयाचा स्नायूच दुबळा होतो. हृदय फुगते, सैल पडते आणि अंगाला पुरेसे रक्त पोचत नाही. डॉक्टर याला कार्डिओमायोपॅथी म्हणतात. कुणाला तो विषाणूच्या संसर्गानंतर होतो, कुणाला आनुवंशिक दोषामुळे, तर कुणाला शरीरात एखादा घटक कमी पडल्यामुळे.

हे शेवटचे कारण नीट ध्यानात घ्या. ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फारच कमी झाले, तर तान्ह्या बाळाचे हृदय असे फुगू शकते. वेळीच उपचार झाले तर बहुतेक बाळे सुधारतात. काही मुलांच्या शरीरात कार्निटीन नावाचा घटक टिकत नाही. तो औषध म्हणून दिला की हृदय सावरते. कार्निटीन मांसात भरपूर, दुधात थोडे, पण झाडपाल्यात जवळपास नाहीच. मग चूर्णाने ती उणीव भरणार कशी? नेमके काय कमी आहे, ते रक्त तपासल्यावरच कळते.

तुम्ही म्हणाल, झाडापासून औषध होतच नाही का? होते की! विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने 1785 साली डिजिटॅलिस या झाडाच्या पानांचा हृदयावरचा गुण लिहून ठेवला. त्याच जातकुळीतल्या झाडापासून डिगॉक्सिन हे औषध मिळते. पण मुलाला ते वजन बघून मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाच्या हिशोबात देतात. मात्रा चुकली की तेच विष! आपल्या बांधावरच्या कण्हेरीत आणि बिट्टीतही त्याच प्रकारची द्रव्ये आहेत. त्यांचा काढा लेकराला चुकूनही देऊ नका.

अर्जुनसालीवर मोठ्या माणसांत अभ्यास झाले. लहान मुलांचा हा आजार तिने बरा होतो, असा पुरावा नाही. काही द्यायचेच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि चालू औषध मनाने बंद करू नका.

बाळ दूध पिताना दमते, कपाळाला घाम फुटतो, धाप लागते, वजन वाढत नाही, खेळता खेळता पोर चक्कर येऊन पडते, ही लक्षणे दिसली तर लगेच दवाखाना गाठा. इको तपासणीत हृदयाची ताकद समजते.

सरपंच, पोलीस पाटील आणि अंगणवाडीताईंनाही विनंती. 2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी मोफत होते. पथक कधी येणार, ती तारीख फळ्यावर लिहा, दवंडी द्या. त्या दिवशी एकही लेकरू शेतावर राहू देऊ नका.