विजेच्या पेटीवरचे गाणे

गावच्या जत्रेत ऑर्केस्ट्रा आला की मंचाच्या एका कडेला, तिवईवर ठेवलेली एक लांबट काळी पेटी तुम्ही पाहिली असेल. पट्ट्या आपल्या भजनाच्या पेटीसारख्याच, काळ्या-पांढऱ्या. पण तिला भाता नाही. आपण तिला सरसकट 'कॅसिओ' म्हणतो. घटकेत तिच्यातून सनई निघते, घटकेत व्हायोलिन, घटकेत पावसाचा आवाज. आता तिचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु याच पेटीच्या थोरल्या भावंडावर बसवलेले एक गाणे १९७९ साली इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हा तिथे बरीच आदळआपट झाली. त्या गाण्याची आणि त्या आदळआपटीची हकीकत सांगायची आहे.

या थोरल्या भावंडाचे नाव सिंथेसायझर. मी इंग्रजी शिकवणारा माणूस. विजेच्या यंत्रांचे माझे ज्ञान जुजबीच. तरी जेवढे समजले तेवढे सांगतो. भजनाच्या पेटीत भात्यातली हवा पितळी पट्टीवरून जाते, पट्टी थरथरते आणि सूर उमटतो. सिंथेसायझरमध्ये थरथरते ती वीज. विजेचा प्रवाह सेकंदाला किती वेळा वरखाली व्हावा हे पट्टी दाबून ठरवायचे, आणि तो कर्ण्याकडे पाठवायचा. कर्ण्याचा पडदा तितक्याच वेळा हलतो, तोच सूर. मात्र हा कच्चा सूर भुंग्यासारखा कर्कश असतो. त्याला घडवावा लागतो.

तो कसा घडवतात, हे गुरुजींनी वर्गात करून दाखवण्यासारखे आहे. मुलांना एकच सूर धरायला सांगा आणि तोंडाचा आकार 'ऊ'पासून 'आ'कडे, तिथून 'ई'कडे सावकाश न्यायला सांगा. सूर तोच राहतो, रंग मात्र पालटतो. गळ्यातून येणारा आवाज तोंडाची पोकळी गाळून घेते, म्हणून असे होते. सिंथेसायझरमध्ये हे गाळण्याचे काम एका बटणाने होते. दुसरी गोष्ट म्हणजे आवाजाचा जन्म आणि अंत. ढोलकीची थाप एकदम उमटते आणि विझते; सनईचा सूर फुंक असेपर्यंत टिकतो. हेही बटणे फिरवून ठरवता येते. सूर, गाळणी आणि उमटण्या-विझण्याची तऱ्हा, एवढी तीन सूत्रे हाती असली की जगात कधी नव्हता असा आवाजही काढता येतो.

सुरुवातीची ही यंत्रे कपाटाएवढी असत. अमेरिकेतले रॉबर्ट मूग यांच्या कंपनीने १९७० साली 'मिनिमूग' नावाचे, एका माणसाला उचलता येईल असे यंत्र काढले. त्यावर एका वेळी एकच सूर वाजे. किंमत मात्र दीड हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे होतकरू पोराच्या आवाक्याबाहेरची.

असाच एक होतकरू पोरगा लंडनमध्ये होता. गॅरी वेब हे त्याचे नाव. पुढे त्याने गॅरी नूमन असे नाव घेतले. 'ट्यूबवे आर्मी' हा त्याचा छोटासा चमू. त्या दिवसांत इंग्लंडात 'पंक' नावाच्या दांडगाईच्या संगीताची लाट होती: गिटार, ड्रम आणि आरडाओरडा. कंपनीने त्याला तसलीच तबकडी काढायला केंब्रिजच्या एका स्टुडिओत पाठवले. ही १९७८ ची गोष्ट. तिथे कोपऱ्यात कोणाचे तरी मिनिमूग पडून होते. नूमनने सहज एक पट्टी दाबली. आधीच्या माणसाने बटणे अशी लावून ठेवली होती की खोली हादरली. नूमन ही हकीकत मुलाखतींतून पुष्कळदा सांगतो. बटणे दुसरीकडे वळलेली असती तर कदाचित त्याने ते यंत्र पुन्हा हाती धरले नसते! तो परतला तो गिटारची निम्मी गाणी यंत्रावर चढवूनच, आणि कंपनीच्या माणसांशी त्याचे चांगलेच वाजले. पण कंपनी लहान, पैसा थोडा. दुसरी तबकडी काढणे परवडण्यासारखे नव्हते. तीच बाजारात आली.

पुढच्या वर्षी आले 'आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?' हे गाणे. नावाचा सरळ अर्थ 'मित्र विजेचे असतात का?' असा. इंग्रजीत 'फ्रेंड्स' हा शब्द अवतरणचिन्हांत आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. फिलिप के. डिक या अमेरिकी लेखकाची १९६८ ची एक कादंबरी आहे. तिच्यात माणसांसारखी दिसणारी यंत्रे आहेत, आणि खरे कोण, बनावट कोण, हे ओळखणे कठीण झाले आहे. त्या कादंबरीचा नूमनवर मोठा प्रभाव. त्याने कल्पना केली ती अशा शहराची, जिथे एकटी माणसे यंत्राचा सोबती भाड्याने बोलावतात. गाण्यातल्या माणसाचा तो सोबती बिघडला आहे, आणि आता बोलायला कोणी नाही.

गाणे लोकप्रिय होण्याची लक्षणे मात्र एकही नव्हती. लांबी पाच मिनिटांहून जास्त. ज्याला आपण ध्रुपद म्हणतो, जे लोक बरोबर म्हणू लागतात, ते गायलेलेच नाही. त्या जागी यंत्रावरची जड, संथ चाल येते. मधले काही भाग तर नुसते बोललेले. नूमन सांगतो की दोन अर्धवट गाणी पुरी होईनात म्हणून त्याने ती एकमेकांना जोडली. शिवाय पियानोवर चाल बसवताना बोट चुकून भलत्याच पट्टीवर पडले, आणि तो चुकलेला सूरच कानाला बरा वाटला म्हणून ठेवला.

मे १९७९ मध्ये तो बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर दिसला. काळे कपडे, पांढरा फटक चेहरा, डोळे रोखलेले, हसू नाही. ३० जून १९७९ रोजी गाणे पहिल्या क्रमांकावर गेले आणि चार आठवडे तिथेच राहिले. त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता.

लोकांनी तबकड्या विकत घेतल्या, समीक्षकांनी झोडपले. इंग्रजी संगीत-साप्ताहिकांचा सूर बहुतेक एकच: हे थंड आहे, यांत्रिक आहे, याला काळीज नाही, शिवाय डेव्हिड बोवीची नक्कल आहे. नक्कलेचा आरोप अगदीच निराधार नव्हता. 'अल्ट्राव्हॉक्स' या चमूचे ऋण तर नूमन स्वतःच मान्य करतो. पण काळीज नसल्याचा आरोप मला पटत नाही. एक तर त्या गाण्यातले ड्रम यंत्राचे नाहीत, हाडामांसाच्या माणसाने वाजवलेले आहेत, आणि तो माणूस नूमनचा नातेवाईक. दुसरे असे की, एकटेपणाने गोठलेला माणूस बोलतो कसा? तो गळा काढून गात नाही. तो सपाट आवाजात, नजर न हलवता बोलतो. तो थंडपणा त्या पात्राचा होता. समीक्षकांनी तो गाणाऱ्याच्या माथी मारला. पुढे नूमनने जाहीरपणे सांगितले की त्याला अ‍ॅस्पर्जर म्हणतात तशी प्रकृती आहे. लोकांच्या नजरेला नजर देणे, चारचौघांत मिसळणे त्याला जड जाते. मग त्या रोखलेल्या डोळ्यांना केवळ सोंग कसे म्हणावे? आपापल्या खोलीत एकटी बसलेली हजारो पोरे हे गाणे पुन्हा पुन्हा लावत होती. त्यांना ते समीक्षकांआधी कळले होते.

नवे वाद्य आले की त्याला काळीज नाही असे म्हणायची रीत आपल्याकडेही आहेच. ज्या आकाशवाणीच्या पुस्तिकेत मी हे लिहितो आहे, तिनेच १९४० साली पेटीवर बंदी घातली होती. पेटीला मींड येत नाही, श्रुती येत नाहीत, ती परकी, अशी कारणे होती. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. तोवर नाट्यगृहांत आणि देवळांत पेटी खुशाल वाजतच होती.

आणखी एक विरोध झाला, आणि तो मला हसण्यावारी नेता येत नाही. मे १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या वादक-संघटनेच्या मध्य लंडन शाखेने ठराव केला की सिंथेसायझर आणि ड्रमची यंत्रे यांच्या वापराला बंदी असावी. त्याच वर्षी एका मोठ्या गायकाने दौऱ्यात वाद्यवृंदाऐवजी सिंथेसायझर आणले होते. सबंध संघटनेने काही हा ठराव उचलला नाही, आणि पुष्कळांनी त्याची थट्टा केली. पण एक माणूस पट्ट्यांवर बोटे ठेवून पंधरा व्हायोलिनांचा आवाज काढू लागला, तर त्या पंधरा जणांनी काय करावे? मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत नेमके तेच घडले. पूर्वी एका गाण्याला पन्नास-पन्नास वादक एकत्र बसत. त्यांत गोव्याहून आलेले व्हायोलिन आणि ट्रंपेट वाजवणारे पुष्कळ. नोटेशन वाचण्यात तरबेज, आयुष्य त्यातच गेलेले. १९८० नंतर सिंथेसायझर वाढले, १९९० नंतर संगणक आला, आणि ती मोठी बैठक मोडली. कितीतरी वादक घरी बसले. त्यांच्या बोटांत काही उणे नव्हते. लंडनच्या ठरावात यंत्राच्या काळजाबद्दल जे काही होते ते बाजूला ठेवू. पोटाबद्दल जे होते ते खरे ठरले.

नूमनला त्या वादकांचा शत्रू ठरवणे मात्र अन्यायाचे. त्याने व्हायोलिनची नक्कल करायला यंत्र घेतले नव्हते; व्हायोलिनला येणार नाही असा आवाज हवा म्हणून घेतले होते. त्याच्या मागून आलेल्या कितीतरी चमूंनी तो रस्ता धरला, आणि 'सिंथ-पॉप' या नावाने एक पंथच उभा राहिला. कौतुक उशिरा झाले. २०१७ साली गीतकार-संगीतकारांना दिल्या जाणाऱ्या आयव्हर नोव्हेलो पारितोषिकांपैकी एक त्याला मिळाले.

त्याच्या आधी, २००२ मध्ये, शुगाबेब्ज नावाच्या तीन मुलींच्या चमूने 'फ्रीक लाइक मी' हे गाणे काढले. शब्द १९९५ सालच्या एका अमेरिकी गाण्याचे, पण खाली वाजते ती नूमनचीच जड, संथ चाल. तेही इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. त्या तिघींपैकी एकीचाही १९७९ साली जन्म झालेला नव्हता.