घरात नेट चालतं, दुकानात नाही? दुसऱ्या राउटरची सेटिंग बघा

अर्ज भरायचा शेवटचा दिवस, सेवा केंद्रात रांग, वायफायची रेंज फुल आणि नेट मात्र बंद! घरचं फायबर कनेक्शन केबलने शेजारच्या दुकानात नेऊन तिथे दुसरा राउटर बसवला की हा घोळ होतो. कंपनीला फोन लावण्याआधी एवढं बघा.

बऱ्याच राउटरचा पत्ता मुळातच १९२.१६८.१.१ असतो. दोन्हींचा तोच असेल तर एका गावात दोन घरांना एकच नंबर दिल्यासारखं होतं. त्यात दोघेही मोबाईलला आयपी वाटतात. हे काम डीएचसीपीचं. दुकानातल्या राउटरने आयपी दिलेला मोबाईल नेटही त्याच्याकडेच मागतो, आणि त्याच्याकडे ते नसतंच. म्हणून एकाचा मोबाईल चालतो, शेजारच्याचा नाही.

मधली केबल काढा. दुकानातल्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन लॅन आयपी १९२.१६८.१.२ करा (आकडे इंग्रजीत टाका), डीएचसीपी बंद करून सेव्ह करा. मग केबलची दोन्ही टोकं लॅन पोर्टमध्येच लावा, वॅनमध्ये नको. मोबाईलचं वायफाय बंद करून पुन्हा जोडा. केबल १०० मीटरपेक्षा लांब असेल तर मात्र सेटिंग बदलून भागणार नाही.