घराचा विमा आणि घराबाहेरचे घर

कामगाराचे घर एका दमात बांधून होत नाही. आधी कर्ज काढून चार भिंती उभ्या राहतात. मग बोनस आला की पडवीवर पत्रा चढतो, थकबाकी मिळाली की फाटक बसते, आणि निवृत्तीच्या पैशांतून कुंपणाची भिंत होते. विम्याचा कागद मात्र पहिल्या दिवशी जो झाला तोच राहतो. आज आम्हांला बोलायचे आहे ते ह्या तफावतीविषयी.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले. ते ओसरल्यावर आमच्या युनियनचे एक जुने सभासद विम्याची फाईल घेऊन आमच्याकडे आले. घराच्या आतल्या नुकसानीची भरपाई कंपनीने मान्य केली होती. कुंपण, फाटक आणि पडवी ह्यांना मात्र साफ नकार. आमचा पिंड भांडणाऱ्याचा. मोर्चाची भाषा ओठांवर आलीच होती. पण कागद वाचला आणि गप्प बसलो. घर घेताना बँकेमार्फत उतरवलेला तो विमा. त्यात राहत्या इमारतीखेरीज कशाचाही उल्लेख नव्हता. पुढच्या सात वर्षांत जे बांधले ते कुणी कंपनीला कळवलेच नव्हते.

त्याच वर्षी १ एप्रिलपासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची पॉलिसी विमा नियामक प्राधिकरणाने लागू केली होती. तिच्या मूळ अटी सर्व कंपन्यांना सारख्याच. तिच्यात घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. पडवी, पोर्च, गॅरेज, कुंपण, फाटक, माती अडवणारी भिंत, आवारातला रस्ता, पाण्याची पक्की टाकी, शौचाची टाकी, गोबरगॅस, छपरावरचे सौर संच, हे सारे घरातच धरले आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड आणि दंगल ह्यांपासून त्यांना संरक्षण मिळते.

कुणी म्हणेल, मग झालेच की! ग्यानबाची मेख पुढे आहे. विम्याची रक्कम दोन भागांत ठरते. राहत्या घराची रक्कम चटईक्षेत्राला बांधकामाच्या दराने गुणून काढतात. समजा, ५० चौरस मीटर आणि दर २५,००० रुपये, तर साडेबारा लाख. (जागेची किंमत ह्यात येत नाही, जमीन काही जळत नाही.) पण कुंपण, पडवी, सौर संच ह्यांचा खर्च ह्या गुणाकारात येत नाही. तो आपण वेगळा सांगायचा आणि कंपनीने मान्य करायचा. तो अडीच लाख असेल तर विमा पंधरा लाखांचा हवा. ही रक्कम वर्षाला १० टक्क्यांनी आपोआप वाढते खरी, पण जे लिहिलेच नाही ते वाढणार कोठून? नंतर घरात भर घातली, तर तीही कळवणे विमेदाराचेच कर्तव्य आहे. एका साध्या पत्राने हे काम होते. पत्राची पोच मात्र घ्यावी.

पत्रा वादळाने उडाला तर भरपाई आहे. गंजून गळू लागला तर नाही. झिजेचा विमा नसतो. म्हणून काम पुरे होताच फोटो काढावा, गवंड्याची आणि लोहाराची बिले जपावीत. आमची माणसे मजुरी रोख देतात आणि चिठ्ठीही मागत नाहीत. मग सर्व्हेअरपुढे दाखवणार काय?

आणखी एक घोटाळा आम्ही पदोपदी पाहतो. कर्ज घेताना बँक जो 'विमा' गळ्यात घालते, तो पुष्कळदा कर्जदाराच्या जिवाचा असतो. तो मेला तर कर्ज फिटते; भिंत पडली तर एक पैसा येत नाही. आपला विमा कशाचा आहे हे बँकेतून पॉलिसीची प्रत मागून पाहावे.

सारे लिहून दिलेले असूनही कंपनीने नाकारले, तर मात्र भांडावे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत. तेथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. चिपळूणच्या आमच्या सभासदाने भिंत पुन्हा बांधली ती स्वतःच्या पैशांनी. नव्या पॉलिसीच्या अर्जात तिची लांबी, उंची आणि खर्च त्याने आमच्यासमोर बसून लिहिला.