दगडावर उमटलेली नाशपती

आधी दगड घासायचा. बव्हेरियातल्या सोल्नहोफनच्या खाणीतला, फिकट पिवळसर चुनखडीचा. त्यावर ओली वाळू पसरून दुसरा दगड गोल गोल फिरवायचा, पृष्ठभाग सपाट होईपर्यंत. पण बोट फिरवलं तर किंचित खरखर लागली पाहिजे, नाहीतर खडू धरत नाही. हा खडू मेण, साबण, चरबी आणि काजळी यांचा. चित्रकार त्यानं दगडावर थेट चित्र काढतो, कागदावर काढावं तसंच, फक्त उलटं. डावीकडे बघणारा मंत्री छापल्यावर उजवीकडे बघतो.

पुढचा भाग पहिल्यांदा पाहणाऱ्याला जादूच वाटतो. चित्रावर जरासं नायट्रिक ॲसिड घातलेलं डिंकाचं पाणी फिरवतात आणि मग टर्पेंटाइननं चित्र चक्क पुसून टाकतात. दगड जवळजवळ कोरा दिसतो. पण खडूतली चरबी आत मुरलेली असते. आता दगड ओला केला की कोरी जागा पाणी धरून ठेवते, चरबीची जागा पाण्याला झिडकारते. तेलकट शाईचा रूळ फिरवला की उलट होतं: ओल्या जागेवर शाई बसत नाही, चरबीवर बसते, आणि पुसलेलं चित्र परत वर येतं. त्यावर कागद ठेवून दाबयंत्राखालून काढायचा. पुन्हा पाणी, पुन्हा रूळ, पुन्हा कागद.

अठराव्या शतकाच्या अखेरीला आलॉइस सेनेफेल्डरनं शोधलेली ही शिळाछपाई. आपल्याकडे १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग छापलं, ते याच युक्तीनं. पॅरिसमध्ये त्याच सुमाराला या दगडानं राजाला घाम फोडला होता.

फ्रान्समध्ये व्यंगचित्रं नवी नव्हती. १७८९ च्या क्रांतीच्या वेळी शेतकऱ्याच्या पाठीवर बसलेला सरदार आणि पाद्री घरोघरी पाहिले गेले होते. पण ती बहुतेक तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली, आणि कोरायला वेळ लागतो. दगडावर चित्रकाराचा हात थेट चालतो, मध्ये कोरणारा कारागीर लागत नाही. संसदेतलं भाषण ताजं असतानाच त्याची टिंगल बाजारात येऊ शकते. १८३० च्या एप्रिलमध्ये शार्ल फिलिपाँनं ‘ला सिल्युएत’ या नियतकालिकात दहाव्या शार्लला थेट जेझुइट पाद्र्याच्या वेषात दाखवलं. चर्चच्या पंखाखाली गेलेल्या राजाबद्दल लोक जे कुजबुजत होते, ते एका झग्यात आलं. जुलैच्या क्रांतीत तो राजा गेला, लुई-फिलिप आला, आणि नव्या सनदेत लिहिलं गेलं की सेन्सॉरशिप पुन्हा कधीही आणली जाणार नाही.

फिलिपाँनं त्याच नोव्हेंबरात ‘ला कारिकात्यूर’ साप्ताहिक सुरू केलं. वर्गणी परवडणारे थोडे, पण चित्रं पासाज व्हेरो-दोदामधल्या ओबेरच्या दुकानाच्या काचेवर लागत, आणि तिथं बघायला पैसे पडत नसत. वाचता न येणाऱ्यालाही चित्र समजतं. सरकारची खरी डोकेदुखी ही होती.

एका चित्रात राजा गवंडी होऊन जुलैमध्ये दिलेली वचनं भिंतीवरून चुन्यानं लिंपून टाकत होता. त्यावरून खटला झाला. १४ नोव्हेंबर १८३१ ला फिलिपाँनं कोर्टातच चार रेखाटनं काढली. पहिलं राजाचं. दुसऱ्यात गाल जरा सैल, तिसऱ्यात आणखी, चौथं सरळ नाशपती. मग कोर्टाला विचारलं: साम्य हाच गुन्हा असेल तर नक्की कुठल्या पायरीवर थांबायचं? आणि शेवटची नाशपती राजासारखी दिसते, म्हणून मी फळ काढलं तरी शिक्षा करणार का? युक्तिवाद बिनतोड होता, पण उपयोग झाला नाही. सहा महिने कैद आणि दोन हजार फ्रँक दंड. पुढे पॅरिसच्या भिंतींवर पोरंसोरं खडूनं नाशपत्या काढू लागली.

ओनोरे दोमिए तेव्हा तेवीस वर्षांचा. डिसेंबरात त्यानं ‘गार्गांतुआ’ काढलं: नाशपतीच्या डोक्याचा अगडबंब राजा शौचासनावर बसलाय, फाटके लोक फळीवरून टोपल्या भरभरून पैसा त्याच्या जबड्यात ओततायत, आणि खालून बाहेर पडतायत मानपत्रं आणि पदकं. करांचा पैसा जातो कुठं, याचा इतका सोपा हिशेब कुठल्याही अग्रलेखाला जमला नसता. दोमिएला सहा महिने कैद झाली.

दंड भरायला फिलिपाँनं वर्गणीदारांसाठी मोठ्या चित्रांची मासिक योजना काढली. म्हणजे सरकारनं केलेल्या दंडातून सरकारची आणखी चित्रं! १८३२ च्या डिसेंबरात ‘ल शारिव्हारी’ हे दैनिक आलं. नावाचा अर्थ, एखाद्याच्या दाराशी भांडी बडवून केलेला गोंगाट. त्याच्यावरही खटला झाला आणि निकालपत्र अंकात छापायचा हुकूम निघाला. २७ फेब्रुवारी १८३४ ला ते छापलं, शब्दन् शब्द, फक्त ओळी अशा लहान-मोठ्या जुळवल्या की निकालाचा आकार नाशपतीचा झाला.

पुढच्या वर्षी जुलैत राजावर खुनी हल्ला झाला आणि सप्टेंबरात कायदा आला: प्रत्येक चित्र छापण्याआधी मंजूर करून घ्या. मग सनदेतल्या वचनाचं काय? सरकारचं उत्तर तयार होतं. लेख म्हणजे मत, त्याला संरक्षण आहे. चित्र म्हणजे मत नव्हे, ती कृती. ‘ला कारिकात्यूर’ बंद पडलं. दोमिए ‘शारिव्हारी’त राहिला आणि वकील, घरमालक, शेअरबाजारातले लफंगे काढू लागला, एकूण सुमारे चार हजार शिळाचित्रं. ‘शारिव्हारी’ हे नाव मात्र इंग्लिश खाडी ओलांडून गेलं. १८४१ मध्ये निघालेल्या ‘पंच’ या साप्ताहिकानं स्वतःला लंडनची शारिव्हारी म्हणवून घेतलं, आणि त्या ‘पंच’चं नाव लावून ठाण्यातून ‘हिंदू पंच’ निघालं.