स्वतःची गाडी, स्वतःचे हात

कुंथलगिरीचे दर्शन आटोपून सोलापूर जिल्ह्यातील आपल्या गावी परतणारे एक व्यापारी कुटुंब वाटेत घटकाभर विसाव्यासाठी थांबले. पुन्हा निघताना किल्ली फिरवली, तर इंजिन सुरू होईना. नुसता ‘टक्’ असा आवाज येई. दिवस मार्गशीर्षाचे, सूर्य लवकर कलणारा. गाडीत ऐंशी वर्षांच्या आजी होत्या. सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा त्यांचा नियम लग्नाआधीपासूनचा. सायंकाळचे भोजन घरी व्हायचे होते आणि औषधाची गोळी त्या भोजनानंतरची होती.

मिस्त्री आला दोन तासांनी. त्याने बॉनेट उघडले, बॅटरीच्या टोकावर साचलेला पांढरा थर पॉलिश पेपरने खरवडला आणि १० नंबरच्या पान्याने सैल झालेली पकड आवळली. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. तोवर अंधार पडला होता. आजींनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतरच त्यांनी पाणी घेतले. त्यांच्या मुलाला, धान्याच्या पेढीचे मालक असलेल्या त्या गृहस्थाला, मात्र रात्रभर एकच विचार छळत राहिला. एवढे साधे काम आपल्याला का येऊ नये?

घरातच हरवलेली विद्या

खरे पाहता ही विद्या त्या घराला परकी नव्हती. त्यांच्या वडिलांकडे प्रीमियर पद्मिनी होती. पेट्रोलमधील कचऱ्याने गाडी अडली, की वडील स्वतः कार्ब्युरेटरचा जेट काढून फुंकर घालीत आणि काजळलेले प्लग घासून पुन्हा बसवीत. ती गाडी मुंबईत कुर्ल्याला बनत असे. तो कारखाना ज्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा, तिची स्थापना १९४४ साली वालचंद हिराचंद दोशी यांनी केली होती. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंदांनी जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने देशात घडावीत असा ध्यास घेतला होता. पुढील पिढ्यांची पेढी वाढली, गाड्या नव्या आल्या. पण डिकीतली हत्यारांची पिशवी मात्र कोणी उघडीनासे झाले.

आरंभ कोठून करावा

त्या गृहस्थांनी प्रथम गाडीसोबत मिळालेली पुस्तिका वाचली. कोणता द्रव कोठे असतो, तो किती किलोमीटरनंतर बदलावा, चाकांत हवा किती असावी, हे सर्व तिच्यात दिलेले असते. त्यानंतर दर रविवारी सकाळी एकेक काम त्यांनी हाती घेतले.

पहिले काम अर्थात बॅटरीचे. खोलताना ऋण टोकाची, म्हणजे बहुधा काळी, तार आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. हा क्रम चुकला आणि धन टोकावरचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. साचलेला थर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने निघतो. कोरडे करून, तार घट्ट बसवून वर पेट्रोलियम जेली लावली, की तो लवकर धरत नाही.

दुसरे काम इंजिन ऑइल पाहण्याचे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पट्टी ओढावी, पुसावी, पुन्हा घालून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. तिसरे काम स्टेपनी बदलण्याचे. हँडब्रेक लावून, दुसऱ्या चाकाला दगडाची ओट देऊन, गाडी उचलण्यापूर्वीच नट थोडे सैल करावेत. आवळताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत.

काही गोष्टी न करण्याच्याही असतात. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील उकळते पाणी दाबाने अंगावर उसळते. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. त्यासाठी भक्कम स्टँड हवेत. ब्रेक, स्टीअरिंग, एअरबॅग आणि सीएनजीची जोडणी ही कामे जाणकारांचीच. गाडी वॉरंटीत असेल, तर काही खोलण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्यात.

चुकीतून मिळालेला धडा

चार महिन्यांनी त्या गृहस्थांनी स्टँड आणून तेल स्वतः बदलले. दुसऱ्या दिवशी गाडीखाली फरशीवर काळा डाग दिसला. नट आणखी आवळावा तरी गळती थांबेना. अखेर संकोच बाजूला ठेवून ते मिस्त्रीकडे गेले. त्याने वाकून पाहिले आणि विचारले, “शेठ, वायसर नवा घातला का?” जुनाच चपटा झालेला वायसर त्यांनी पुन्हा बसवला होता. मिस्त्रीने अधिक आवळण्याचा धोकाही सांगितला; आटे गेले असते, तर खर्च कितीतरी वाढला असता. त्या दिवसापासून दोघांचे नाते बदलले. आता शेठ नेमका प्रश्न विचारतात, मिस्त्री नेमके उत्तर देतो, आणि बिलाविषयी संशय उरत नाही.

यत्नेचा संस्कार

या कामात श्रावकाला परिचयाचे बरेच काही सापडते. मुनींच्या पाच समित्यांपैकी आदान-निक्षेपण समिती वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून वागण्यास सांगते. गृहस्थाने त्याच भावनेने खोललेले नट ताटलीत क्रमाने मांडले, की एकही हरवत नाही. थंडीच्या दिवसांत मांजराची पिले उबेसाठी इंजिनाजवळ शिरतात. म्हणून सकाळी बॉनेटवर थाप मारून, उघडून पाहून मगच गाडी सुरू करणे ही साधी जीवदया आहे.

जळके तेल गटारात वा मातीत ओतणे हा तर उघड अनर्थदंड. ते माती आणि पाणी दोन्ही नासवते व त्यातील असंख्य सूक्ष्म जीवांचा घात करते. डब्यात साठवून ते पुनर्वापरासाठी तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे. शिसे आणि आम्ल असलेली जुनी बॅटरी भंगारात न फेकता विक्रेत्याकडेच परत करावी.

त्या घरात आता गाडीचीही एक वही आहे. रोजमेळाप्रमाणे तीत तारीख, किलोमीटर, केलेले काम आणि खर्च लिहिला जातो. यात्रेला निघण्याच्या आदल्या दिवशी दहावीतली नात तेलाची पट्टी पाहते, बॅटरीची पकड हलवून बघते आणि वहीत नोंद करते. आजी ओसरीवरून हे सारे पाहत असतात. परवा त्यांनी नातीला जवळ बोलावून विचारले, “झाले का गं सगळे बघून?” नातीने वही दाखवली. आजींनी ती चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, “मग उद्या येते मी.”

त्या मार्गशीर्षानंतर आजी प्रथमच गावाबाहेर निघाल्या होत्या.