मानेचा ताण आणि शरीराचा तोल

सकाळीं बेसिनपाशीं उभें राहून, डोळे मिटून तोंडावर पाणी मारीत असतां एखाद्या गृहस्थाचा एकाएकीं झोक जातो व तो पटकन् भिंतीचा आधार घेतो. घरांतील मंडळींस त्याचें फारसें आश्चर्य वाटत नाहीं. त्याची मान कित्येक दिवस धरलेली असते, हातास मुंग्या येत असतात, आणि 'मानेंतली नस दबली आहे' हें निदान घरांत सर्वांस पाठ झालेलें असतें. मग दाराच्या चौकटीस अडकविण्याचा पट्टा, कप्पी व पाणी भरावयाची पिशवी असें साहित्य बाजारांतून येतें. मान ताणली म्हणजे हाताच्या मुंग्यांबरोबर तोलही ताळ्यावर येईल, अशी सर्वांची समजूत असते. तिच्यांत तथ्य किती हें पाहावयाचें तर मानेची रचना थोडी लक्षांत घेतली पाहिजे.

मानेंत सात मणके आहेत आणि तेथून दोन्ही बाजूंस आठ आठ मज्जातंतु बाहेर पडतात. वयोमानानें दोन मणक्यांमधील चकती झिजते, कडेस हाडाचे कंगोरे वाढतात, आणि तंतु ज्या छिद्रांतून बाहेर पडावयाचा तें छिद्र अरुंद होतें. बहुधा सहावा किंवा सातवा तंतु ह्या कचाट्यांत सांपडतो. सहावा दबला तर अंगठा व तर्जनी बधिर होतात. सातवा दबला तर मधलें बोट बधिर होतें आणि कोपर जोरानें सरळ करण्याची शक्ति कमी होते. परंतु हे तंतु हाताचे आहेत, पायांचे नव्हेत. तेव्हां हाताचा तंतु दबल्यानें मनुष्यानें चालतांना झोकांडी कां खावी, हा प्रश्न उरतोच.

मेंदू शरीराचा तोल तीन साक्षीदारांच्या जबानीवर राखतो. डोळे हा पहिला. कानाच्या आंत असलेल्या अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांच्या शेजारच्या पिशव्या हा दुसरा. आणि स्नायू, सांधे व तळपाय ह्यांकडून येणारी वर्दी हा तिसरा. बर्लिन येथील वैद्य मोरिट्झ रोंबर्ग ह्यांनीं १८४० ते १८४६ ह्या वर्षांत प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत ह्या तिसऱ्या साक्षीदाराची एक सोपी परीक्षा सांगितली. रोग्यास पाय जुळवून उभें करावयाचें व डोळे मिटावयास सांगावयाचें. तिसरा साक्षीदार मुका झालेला असेल तर डोळे मिटतांच रोगी डोलूं लागतो. बेसिनपाशीं उभा असलेला गृहस्थ नकळत हीच परीक्षा देत असतो.

ह्या तिसऱ्या साक्षीदारांत मानेचा मान मोठा आहे. कानांतील यंत्र कवटीस घट्ट जखडलेलें असल्यामुळें डोकें कललें एवढेंच त्यास कळतें. नुसतें डोकें कललें कीं सगळें शरीर कललें, हें मेंदूस मानेला विचारूनच ठरवावें लागतें. कवटीच्या खालच्या बाजूस असलेल्या लहान स्नायूंत ताण ओळखणारीं सूक्ष्म इंद्रियें फार दाट असतात, तीं ह्याच कामासाठीं. १८४५ साली लाँजे ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें जनावरांच्या मानेमागील स्नायू कापून पाहिले, तेव्हां तीं जनावरें मद्यपी माणसासारखीं लडखडूं लागलीं. पुढें १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मानेंत बधिर करणारें औषध टोंचलें असतां माणसांचाही तोल जातो असें आढळलें. स्वीडनमध्यें १९९५ सालीं मान व हात दीर्घकाळ दुखणाऱ्या रोग्यांची तपासणी झाली; निरोगी माणसांपेक्षां त्यांचें शरीर उभ्यानें अधिक डोलत होतें. म्हणजे दोष दबलेल्या तंतूचा नसून दुखऱ्या, आखडलेल्या मानेच्या चुकीच्या वर्दीचा, असें म्हणावें लागतें.

आतां ताणाविषयीं. डोक्याचें वजन सुमारें साडेचार ते पांच किलो असतें. बसून ताण घेतल्यास पहिले तेवढे किलो डोकें पेलण्यांतच खर्च होतात, मणक्यांपर्यंत कांहीं पोंचत नाहीं. म्हणून आडवें निजून, मान किंचित् पुढें वाकवून ताण देणें अधिक सोयीचें. ताणानें स्नायू सैल पडतात आणि छिद्र थोडें मोकळें होतें. वजन काढलें कीं तें बहुतांशीं पूर्ववत् होतें. कित्येकांस ह्यानें बरें वाटतें ही गोष्ट खरी. परंतु २००८ सालीं उपलब्ध प्रयोगांची छाननी करणाऱ्या पंडितांस ताणाच्या बाजूनें किंवा विरुद्ध असा ठाम निकाल देतां आला नाहीं. दबलेल्या तंतूची पीडा पुष्कळांच्या बाबतींत कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत आपोआपच उतरते, त्यामुळें श्रेय कोणाचें हें ठरविणें कठीण जातें. वेदना कमी झाली, मान मोकळी फिरूं लागली, तर तिची वर्दीही सुधारावी व तोल सावरावा, एवढी आशा रास्त आहे.

मान ताणून तोल सुधारण्याचा उद्योग एकदां फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. ओडेसा येथील डॉक्टर मोचुत्कोव्स्की ह्यांनीं १८८३ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, हनुवटी व काखा ह्यांखालीं पट्टे घालून रोग्यास कांहीं मिनिटें अधांतरीं टांगलें असतां 'टेबीज' ह्या रोगांतील वेदना कमी होतात. ह्या रोगांत जुनाट उपदंशामुळें पृष्ठरज्जूचा मागील भाग झिजतो, व रोगी डोळे मिटतांच डोलूं लागतो. रोंबर्ग ह्यांची परीक्षा मूळची ह्याच रोग्यांची. १८८९ सालीं पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांत शार्को ह्यांच्यासारख्या विख्यात वैद्यानें हा उपाय उचलला, आणि पाहतां पाहतां युरोपभर रोगी टांगले जाऊं लागले. प्रारंभीं कित्येक रोग्यांनीं सुधारणा झाल्याचें सांगितलें. थोड्याच वर्षांत मात्र हा उपाय मागें पडला. जो रज्जूच झिजला होता, तो बाहेरून ओढून भरून कसा निघावा?

आजच्या घरांतही प्रश्न रज्जूचाच आहे. जे कंगोरे छिद्र अरुंद करतात तेच मधल्या नळींत वाढले, तर तंतूऐवजीं खुद्द पृष्ठरज्जूवर दाब पडतो, आणि पायांकडे जाणारा सर्व व्यवहार त्याच वाटेनें चालतो. अशा रोग्याचा तोल खरोखरच बिघडतो. आणि वेदना कधीं कधीं अगदीं थोडी असते, हें विशेष फसवें. शर्टाचीं बटणें लागत नाहींत, सुई ओंवतां येत नाहीं, अक्षर बिघडतें; पाय ताठ व जड वाटतात, जिना उतरतांना कठडा सुटत नाहीं; लघवीची घाई होते; मान पुढें वाकवली असतां पाठींतून वीज चमकल्यासारखें होतें. 'वय झालें' म्हणून हीं लक्षणें घरोघर सोडून दिलीं जातात. ह्या रोग्यास वजन टांगणें धोक्याचें आहे, आणि वजनाच्या आशेवर महिने घालविणें त्याहूनही. कारण शस्त्रक्रियेनें पुढची हानि बहुधा थांबवितां येते, पण झालेली हानि प्रत्येक वेळीं परत मिळतेच असें नाहीं. आमवातानें वरच्या दोन मणक्यांचे बंध सैल झालेल्यांस व ठिसूळ हाडांच्या वृद्धांसही हा पट्टा वर्ज्य समजावा.

डॉक्टर ह्या दोहोंतील भेद प्रथम साध्या साधनांनींच पाहतात. गुडघ्यावर लहान हातोडी मारून पाय किती उडतो तें पाहतात, तळव्यावर रेघ ओढून अंगठा वर जातो कीं खालीं तें पाहतात, आणि एका पावलाच्या टांचेपुढें दुसरें पाऊल ठेवीत सरळ रेषेंत चालावयास लावतात. संशय वाटल्यास एम्. आर. आय. काढून घेतात. ह्या सर्वांस पाव घटका पुरते. चित्र काढावयास काय तो थोडा अधिक वेळ. दारास अडकविलेली पिशवी तोंवर रिकामीच राहूं द्यावी.