कुंपणातली कोयनेल खाडीवरची

बेळगावजवळच्या मच्छे परिसरात घरांच्या, शाळांच्या कुंपणाला कातरून चौकोनी केलेलं गर्द हिरवं झुडूप दिसलं आणि त्याचं नाव विचारलं, तर बहुतेक जण 'मेंदी' म्हणतील. हात रंगवणारी मेंदी ती नव्हे. ही कोयनेल, म्हणजेच वनजाई किंवा कडू मेंदी. पान इतकं कडू की शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत. गंमत म्हणजे दोघींच्या शास्त्रीय नावात 'इनर्मिस' आहे, अर्थ बिनकाट्याची.

कुंपणाची झाडं परदेशीच, असंही सर्रास धरून चालतात. ड्युरांटा खरोखर अमेरिकेतली. कोयनेल मात्र अस्सल इथली, आपल्या किनाऱ्यावरची. खाडीकाठी कांदळवनाच्या मागे, भरतीचं पाणी अधूनमधून पोचतं तिथं ती आपणहून वाढते. खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते, तसल्या मुखांवरची ही झाडी. फळ पिकलं की त्याचे चार भाग सुटतात. ते बुचासारखे हलके असल्यामुळे पाण्यावर तरंगत दूर जातात.

सगळ्यात पक्का गैरसमज मिठाचा. खाऱ्या जमिनीतल्या झुडपाला मीठ लागतंच, असं वाटतं. मग इथं मच्छेला, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर, पावसानं धुतलेल्या मातीत कोयनेल कशी फोफावते? कारण मीठ तिची गरज नाही. ते सोसण्याची तिची ताकद आहे. खाडीवर इतर झाडं टिकत नाहीत, म्हणून तिला तिथं मोकळी जागा मिळते. मीठ सोसण्याची प्रत्येक झाडाची रीत वेगळी. खाडीकाठचीच मारांडी पानांवरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकते, उन्हात ते पानांवर चकाकतं. तिथलीच मोरस ते आपल्या फुगीर पानांत साठवते, तिला थोडं मीठ मानवतंही. म्हणूनच किनाऱ्यावरचे लोक तिची जी भाजी करतात ती मुळातच खारट असते.

आणि खारी जमीन म्हणजे पडीक, भराव टाकायला मोकळी? हे मला मुळीच मान्य नाही. किनारा नियमनाच्या 2011 आणि 2019 च्या दोन्ही अधिसूचनांत खाऱ्या दलदली सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात आहेत.

सतत कातरल्यानं कोयनेलीची फुलं आपल्याला दिसतच नाहीत. कुंपणाचा एक कोपरा वाढू द्या. लांब नळीची पांढरी फुलं बहुधा तीन-तीनच्या झुबक्यात येतात, आणि जांभळट केसर त्यांतून पार बाहेर झुकलेले असतात.